कपाळाचे हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या खोलीत असते. चहाचे आधण, सतरंज्या, पाहुण्यांना पाणी, ही माझी कामे. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी तुम्हीच बोलायचे." मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या डोक्याचे काय झाले ते सांगा. गावात निम्म्या जणी तेच विचारताहेत." तेव्हा आज मी माझ्या डोक्याविषयीच बोलणार आहे. बोलताना चुकले तर लेकीबाळीसारखे सांभाळून घ्यावे.

कपाळ हा आपला बायकांचा मोठा जवळचा अवयव आहे. कुंकू आपण तिथे लावतो. वाईट बातमी आली की हात आधी तिथे जातो. मूल जन्मले की पाचव्या दिवशी आपण सटवाईची पूजा मांडतो, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, कारण त्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. काय लिहिले ते कोणालाच वाचता येत नाही. माझ्या कपाळाचे मात्र वाचले गेले, आणि ते वाचणारे होते अकोल्याचे एक यंत्र. त्याने लिहून दिलेल्या कागदाने आमचे घर तीन आठवडे ढवळून काढले. ती हकीकत अशी.

डोकेदुखी मला जुनीच. धाकटीच्या वेळच्या बाळंतपणापासून ती माझ्या मागे आहे. आधी महिन्यातून एकदा उठायची, पुढे आठवड्यातून, आणि अलीकडे तर जवळजवळ रोज. डोक्याला फडके घट्ट बांधायचे, सुंठीचा लेप लावायचा, दुकानातून आणलेली गोळी घ्यायची आणि भाकऱ्या थापायला बसायचे. आपण बायका डोकेदुखीला दुखणे कुठे समजतो? ती आपल्या घरातलीच एक माणूस होऊन जाते.

२०२४ सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगणात शेवाळावरून माझा पाय घसरला. डोके ओट्याच्या कडेला आपटले. रक्त आले नाही, पण थोड्या वेळाने एक उलटी झाली. गावातल्या डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, डोक्याला मार लागून उलटी झाली आहे, तेव्हा आतला फोटो काढून घ्या, उगीच धोका नको. आम्ही गाडी करून खामगावावरून अकोल्याला गेलो. त्या यंत्राला सीटी स्कॅन म्हणतात. मोठ्या जात्याच्या पाळूसारखे गोल, मध्ये भोक, आणि त्या भोकात आपण निजून जायचे. दुखत काही नाही. दहा मिनिटांत मी बाहेर आले. आत रक्तस्राव नाही, एवढे त्यांनी लगेच सांगितले. मारुतीरायाची कृपा म्हणून मी हात जोडले.

लेखी कागद दुसऱ्या दिवशी मिळायचा होता. तो आणायला हे गेले. खिडकीतल्या मुलाने कागद देता देता त्यावर नजर टाकली आणि सहज म्हणाला, "बाकी ठीक आहे, कपाळाचे हाड आतून वाढले आहे." एवढेच. पुढच्या माणसाचा नंबर लागला. यांनी विचारले, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "डॉक्टरांना दाखवा." कोणत्या डॉक्टरांना, कधी, घाईचे आहे की नाही, काही नाही. त्या मुलाचे नाव मी घेत नाही, त्याच्यावर माझा रागही नाही. रांग मोठी असेल. परंतु त्याच्या त्या अर्ध्या वाक्यावर आमच्या घरात तीन आठवडे कोणी पोटभर जेवले नाही, एवढे मात्र खरे.

कागदावर इंग्रजीत लिहिले होते: हायपरऑस्टोसिस फ्रंटॅलिस इंटर्ना. एवढे लांब नाव म्हणजे दुखणेही तेवढेच मोठे, असे आम्हाला वाटले. माझा मुलगा बारावीत आहे. त्याने रात्री मोबाइलवर ते नाव घालून वाचले. मी पलीकडच्या खोलीत जागीच होते. तो बापाला हळू आवाजात सांगत होता की या हाडाबरोबर वेड लागते असे कुठेतरी लिहिले आहे. हे काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने फक्त विडी पेटवल्याचा वास आला. विडी त्यांनी सहा वर्षांपूर्वी सोडली होती.

आपल्या गावात भिंतीला कान आहेत. चौथ्या दिवशी नळावर एक बाई म्हणाली, "काय वो वयनी, तुमच्या डोक्यात हाड वाढलं म्हन्ते, खरं का?" दुसरी म्हणाली, "माह्या मावससासूले असंच झालं होतं, लई दिवस नाई काढले तिनं." तिसरीने तर शेगावला नवस बोलायला सांगितले. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. पण मी घरी येऊन आरशात कपाळ दाबून पाहू लागले. इकडचे तिकडच्यापेक्षा वर आले आहे का? दिवसातून दहा वेळा पाहायची. मिठाचा डबा विसरले तरी वाटायचे, झाले, वेडाची सुरुवात झाली. भाजी करपली तर सासूबाई माझ्याकडे पाहायच्या आणि मग पटकन नजर वळवायच्या. ती वळवलेली नजर मला फार लागे.

आणि मग एक दिवस यांच्या सदऱ्याच्या खिशात मला एक चिठ्ठी सापडली. धुण्याआधी खिसे पाहायची माझी रीत आहे. चिठ्ठीवर ज्ञानगंगेकडच्या शिवारातल्या आमच्या दोन एकरांचा गट नंबर होता, आणि खाली एक रक्कम. जमीन घेणाऱ्याने सांगितलेला भाव होता तो. मी विचारले तेव्हा हे म्हणाले, "मुंबईले ऑपरेशन करा लागन. पैसा कुठून आनू? जमीन पुन्हा घेता येते. तुले कुठून आनू?"

बायांनो, लग्नाला तेवीस वर्षे झाली, या माणसाने मला असे कधी काही म्हटले नव्हते. ऐकून मला बरे वाटले आणि रडूही आले. पण त्याच वेळी मी ठरवले की इसार घेण्याआधी हे हाड काय आहे ते समजून घ्यायचे. दोन एकर जमीन माझ्या सासऱ्यांनी सालदारकी करून घेतलेली आहे. ती एका न समजलेल्या शब्दावर जाऊ द्यायची नाही.

माझी भाची नर्सिंग शिकते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मामी, कागद वाचून घाबरू नको. कागद ज्याला वाचता येतो त्याच्याकडे घेऊन जा." तिने मेंदूच्या विकारांच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन दिली. पुढच्या सोमवारी आम्ही दोघे एसटीने अकोल्याला गेलो. दोन तासांच्या रस्त्यात आम्ही एकमेकांशी चार शब्दही बोललो नसू.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी फोटो उजेडावर धरला, कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुम्हाला हे कोणी समजावून सांगितले का?" मी मान हलवली. त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. पुढचा अर्धा तास त्या जे बोलल्या ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. बरेचसे भाचीने पुन्हा पुस्तकांत पाहून पक्के करून दिले. तेच आता तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट नावाची. ते लांब नाव ऐकून आपण घाबरतो, पण ते रोगाचे नाव नाही, नुसता पत्ता आहे. हायपर म्हणजे जास्त. ऑस्टोसिस म्हणजे हाड होणे. फ्रंटॅलिस म्हणजे कपाळाचे. इंटर्ना म्हणजे आतल्या अंगाचे. कपाळाच्या हाडाची आतली बाजू जाड झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. नांदुऱ्याला स्टेशनरोडवर, डाव्या हाताला, निळ्या दाराचे घर असे कोणी सांगितले, तर त्या घरात चोर राहतो असे आपण म्हणत नाही. तसेच हे.

दुसरी गोष्ट हाडाची. कवटीचे हाड एकसंध दगडासारखे नसते. त्याला दोन पदर असतात, एक बाहेरचा आणि एक आतला. मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाळीदार हाड असते. सारे मिळून साधारण अर्धा ते पाऊण सेंटिमीटर जाडी. माझा बाहेरचा पदर जसाच्या तसा आहे, म्हणून आरशात कितीही दाबून पाहिले तरी मला काही सापडणार नव्हते. आतल्या पदरावर मात्र जागोजाग हाडाचे थर चढले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घराच्या भिंतीला आतून गिलावा करताना एखाद्या गवंड्याने जाड थर दिला, तर भिंत थोडी आत आल्यासारखी दिसते. घरातली माणसे मात्र नेहमीसारखीच वावरतात. तसे समजा."

त्यांनी मला फोटोत दाखवले की हे थर कपाळाच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे असतात, आणि बरोबर मधली रेघ मोकळी राहते. तिथून मेंदूतले रक्त वाहून नेणारी मोठी शीर जाते. दोन्ही वाफ्यांत माती चढली तरी मधला पाट मोकळा राहावा, तसे ते दिसत होते. ही खूण फार महत्त्वाची आहे. दोन्हीकडे सारखे, आतल्याच अंगाला, मधली रेघ सोडून, असे दिसले की डॉक्टरांना ओळख पटते. हाड एकाच बाजूला वाढले असेल, बाहेर टेंगूळ आले असेल किंवा हाड पोखरल्यासारखे दिसत असेल, तर मात्र ते वेगळे काही असू शकते आणि डॉक्टर पुढचा तपास करतात. माझ्या फोटोत तसे काही नव्हते.

तिसरी गोष्ट, हे कोणाला होते. ऐकून मला नवल वाटले. हे बहुतेक आपल्यालाच होते, म्हणजे बायकांना, आणि तेही चाळिशी-पन्नाशीनंतर, पाळी जाण्याच्या सुमारास किंवा पुढे. पुरुषांना कमी. १९९९ साली काही संशोधकांनी अमेरिकेत जपून ठेवलेल्या सतराशेवर कवट्या तपासल्या. त्यांत बायकांपैकी शंभरात २४ जणींना हे होते आणि पुरुषांपैकी शंभरात ५ जणांना. आज या सभेत आपण साठ-सत्तर जणी बसलो आहोत, त्यांत बऱ्याचशा चाळिशीच्या पुढच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या मंडळात सगळ्यांचे फोटो काढले तर तुम्ही एकट्या निघणार नाही." ज्यांचा फोटो निघतो त्यांना कळते, बाकीच्या तसेच आपले आयुष्य सुखाने काढतात.

चौथी गोष्ट वेडाची. ती मला सगळ्यांत जास्त भेडसावत होती, म्हणून जरा विस्ताराने सांगते. इटलीत मोर्गान्यी नावाचे एक मोठे शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. तीनशे वर्षांपूर्वी, १७१९ साली, त्यांनी एका बाईच्या कवटीत असे जाड हाड पाहिले आणि लिहून ठेवले. ती बाई स्थूल होती आणि तिच्या चेहऱ्यावर केस होते. पुढे १९२८ साली इंग्लंडात स्टुअर्ट नावाच्या डॉक्टरांनी असे हाड पुन्हा वर्णन केले, आणि १९३० साली मोरेल नावाच्या डॉक्टरांनीही. यांतले स्टुअर्ट डॉक्टर ज्यांच्या कवट्या पाहत होते ते सगळे मनोरुग्ण होते. मग जाड हाड आणि मनाचा आजार या दोन गोष्टी पुस्तकांत शेजारी शेजारी बसल्या. तिघांच्या नावाने एक जोडनावही पडले, आणि त्यात लठ्ठपणा, केस, डोकेदुखी, मनाचे विकार सगळे एकत्र बांधले गेले. माझ्या मुलाने मोबाइलवर वाचले ते हेच.

आता विचार करा. सरकारी दवाखान्याच्या दारात बसून कोणी नांदुऱ्याची माणसे मोजली, तर तो लिहील की नांदुऱ्याला सगळेच आजारी आहेत. पुढे निरोगी, हसत्या-खेळत्या बायकांचे फोटो निघू लागले तेव्हा त्यांच्यातही हे हाड तितक्याच सहजपणे सापडले. म्हणून आजचे बहुतेक डॉक्टर हाडाने वेड लागते असे मानत नाहीत. अगदी विरळ्या माणसात हाड फारच जाड होऊन मेंदूवर दाब आल्याचे लिहून ठेवले आहे, पण ती गोष्ट लाखातली. फोटोत माझ्या मेंदूला कुठेही दाब नव्हता, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवले.

पाचवी गोष्ट कारणाची. आपल्या शरीरात काही रस पाझरतात, त्यांना हार्मोन म्हणतात. पाळी येणे, दिवस राहणे, अंगावर दूध येणे, पाळी जाणे, हे सगळे त्यांच्याच हुकमाने चालते. या रसांच्या कमी-जास्त होण्याचा आणि या हाडाचा संबंध आहे, असे बहुतेकांचे मत आहे. याला दुजोरा देणारी एक विचित्र हकीकत भाचीने वाचून दाखवली. इटलीत फारिनेल्ली नावाचा जगप्रसिद्ध गवई होता. तो १७०५ साली जन्मला आणि १७८२ साली वारला. त्या काळी तिकडे काही मुलांचा आवाज बायकांसारखा गोड राहावा म्हणून लहानपणीच त्यांचे पुरुषत्व घालवीत. त्याचेही तसेच केले होते. २००६ साली बोलोन्या शहरात त्याची कबर उघडून हाडे तपासली, तर त्या पुरुषाच्या कपाळाचे हाड आतून जाड झालेले निघाले, अगदी आपल्या बायकांसारखे. शरीरातला पुरुषी रस नाहीसा झाल्याचा तो परिणाम असावा, असे तपासणाऱ्यांनी लिहिले. मला त्या मुलाची फार कणव आली. आईने त्याला काय म्हणून दिले असेल?

फार प्राचीन काळच्या सांगाड्यांत हे हाड क्वचितच सापडते. आणि आताच ते इतके ऐकू का येते, तर एक कारण यंत्रांचे. एक्स-रे सापडला १८९५ साली. सीटी स्कॅनने माणसाच्या डोक्याचा पहिला फोटो लंडनमध्ये १९७१ साली निघाला. तो एका बाईच्याच डोक्याचा होता, आणि तिच्या कपाळामागच्या मेंदूतच गाठ असल्याचा संशय होता, हे ऐकून मला ती बाई आपल्यातलीच वाटली. तो शोध लावणाऱ्या दोघांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र फार उपकारी आहे. माझ्या डोक्यात रक्तस्राव नाही हे त्यानेच दहा मिनिटांत सांगितले. परंतु घर झाडायला काढले की हरवलेल्या वस्तूबरोबर चार अशाही वस्तू निघतात, ज्या वर्षानुवर्षे तिथेच होत्या आणि कोणाला त्रास देत नव्हत्या. यंत्राचेही तसेच असते. शोधायला गेलो एक, दिसले आणखी एक.

हे सगळे ऐकल्यावर यांनी विचारले, "मंग ऑपरेशन?" डॉक्टरीणबाई हसल्या. "कशाचे? ऑपरेशन नाही, औषध नाही, पथ्य नाही." हे तसेच बसून राहिले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उपरण्याने तोंड पुसले. घाम पुसत होते की काय, ते मी पाहिले नाही.

मी मात्र विचारले, "मग माझे डोके रोज का दुखते?" तेव्हा त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "हा प्रश्न तुम्ही तीन आठवड्यांपूर्वीच विचारायला हवा होता. हाडाच्या भीतीत सगळे तो विसरले." त्यांनी विचारले, महिन्याला डोकेदुखीच्या गोळ्या किती घेता? मी म्हटले, लागेल तेव्हा. त्या म्हणाल्या, "आकडा सांगा." मी मनात रिकाम्या पाकिटांचा हिशेब केला, आणि माझी मलाच लाज वाटली. महिन्यात पंचवीस दिवस तरी मी गोळी घेत होते, कधी दोन.

त्यांनी सांगितले ते प्रत्येकीने लक्षात ठेवावे. मूळची माझी डोकेदुखी अर्धशिशीची. पण दुखण्यावरची गोळी महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस किंवा जास्त, अशी महिनोन् महिने घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी जिवंत ठेवते. काही गोळ्यांना तर दहा दिवसही पुरतात. गोळीचा अंमल उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी, आणि असे चाक फिरत राहते. शिवाय त्या गोळ्यांनी पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो तो वेगळाच. त्यात माझे आठवड्याचे दोन उपास, सकाळी नुसत्या चहावर अकरापर्यंत काम, आणि जवळचे दिसत नसताना तशीच ओढत केलेली शिवण. चष्म्याचा नंबर निघाला. रक्तदाबही थोडा वाढलेला निघाला. मी म्हटले, त्यानेच डोके दुखत असेल. त्या म्हणाल्या, "नाही, उलट तो बहुधा दुखतच नाही, म्हणून मोजावा लागतो."

गोळ्या कशा बंद करायच्या, त्याऐवजी काय घ्यायचे, हे त्यांनी लिहून दिले. ते मी इथे सांगणार नाही, कारण माझे औषध तुमचे नव्हे. पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले. एके रात्री मी गोळीसाठी रडले, आणि सासूबाईंनी डब्याची किल्ली कनवटीला लावून माझे डोके मांडीवर घेतले. त्या म्हणाल्या, "माह्यंही असंच दुखे वं माय. कोनाले सांगू?" त्यांचे वय पंच्याहत्तर. त्यांचे डोके दुखते हे तेवीस वर्षांत मला ठाऊक नव्हते. आम्ही दोघी एकाच चुलीपुढे बसत होतो, आणि दोघीही फडके बांधून गप्प होतो.

आता महिन्यातून दोन-तीनदा डोके दुखते. मिठाचा डबा अजून विसरते, पण त्याची भीती वाटत नाही.

भगिनींनो, एवढे सगळे सांगण्याचा हेतू असा की यातून आपण चार गोष्टी घराघरांत न्याव्यात.

दवाखान्याचा कागद हाती आला आणि त्यात न समजणारा शब्द असला, तर खिडकीतल्या माणसाचे, नळावरच्या बाईचे किंवा मोबाइलचे ऐकून दुःख करत बसू नये. ज्याने तपासायला सांगितले त्या डॉक्टरांकडे तो घेऊन जावा आणि सरळ विचारावे: हे काय आहे? याने मला काय होणार? याला काही करावे लागते का? माझा जो त्रास आहे तो यानेच होतो का? हे चार प्रश्न मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. ते विचारायला सातवीसुद्धा लागत नाही.

दुसरे, डोकेदुखी अंगावर काढू नये. पूर्वी कधी झाले नव्हते असे एकाएकी जोराचे डोके दुखले, बोलताना जीभ अडखळली, एका अंगातला जोर गेला, तोंड वाकडे झाले, फेफरे आले, दिसेनासे झाले, तापाबरोबर मान आखडली किंवा डोक्याला मार लागून उलटी झाली, तर घरचा लेप करत बसू नये. १०८ ला फोन लावून गाडी बोलवावी. पन्नाशीनंतर नव्यानेच डोकेदुखी सुरू झाली तरी डॉक्टरांना दाखवावे. तिथे दोन दिवसांची वाट पाहणे नको.

तिसरे, रिकामी पाकिटे मोजावी. प्रत्येकीने आज घरी जाऊन महिन्याच्या गोळ्यांचा आकडा काढावा. मला माझा आकडा दुसऱ्याने विचारल्यावर कळला.

चौथे, एकमेकींना भिववू नये. नळावर कोणी दुखणे सांगितले तर आपल्या मावससासूची गोष्ट सांगण्याऐवजी "चल, मी तुझ्यासंगे येतो" असे म्हणावे. आपल्या मंडळाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि डोळे तपासण्याचा दिवस ठेवावा, अशी माझी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. सतरंज्या मी घालीन.

त्या दिवशी अकोल्याहून परत येताना संध्याकाळ झाली होती. नांदुरा जवळ आले तसा महामार्गावरचा आपला एकशेपाच फुटांचा मारुती लांबून दिसू लागला. हे खिडकीशी बसले होते. त्यांनी खिशातून ती गट नंबराची चिठ्ठी काढली, तिचे चार तुकडे केले, आणि बाहेर न टाकता पुन्हा खिशात ठेवले. म्हणाले, "रस्त्यावर कचरा कशाले?" ते तुकडे मी दुसऱ्या दिवशी धुण्याआधी काढले आणि चुलीत घातले. त्या दोन एकरांत यंदा तूर आहे आणि ती बरी आली आहे.

 चहा तयार आहे, कोणी घेतल्याशिवाय जाऊ नये.